आबांची एसटी आणि शेकापचा आटलेला पाट

एसटीच्या लाल गाडीत पुढच्या काही आसनांवर रंगानं लिहिलेलं असतं, आमदार-खासदारांसाठी राखीव. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रवाशांनी त्या जागेवर बाजाराच्या पिशव्या पाहिल्या, लेकुरवाळ्या बाया पाहिल्या, फार तर कंडक्टरच्या ओळखीचा एखादा पाहुणा पाहिला. आमदार मात्र कुणी पाहिला नाही. सांगोल्याच्या माणसांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा आमदार खरोखरच एसटीनं फिरायचा.

गणपतराव देशमुख, म्हणजे तालुक्याचे आबासाहेब, ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गेले. त्यानंतर आठवडाभर सगळ्या पक्षांचे नेते त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. त्यात एसटी होती, साधा पोशाख होता, आयुष्यभर एकच पक्ष आणि एकाच मतदारसंघातून ११ वेळा विजय हा आकडा होता. तो एकच पक्ष कोणता, तो काय म्हणत होता आणि त्याचं पुढं काय झालं, याची चर्चा फारशी कुणी केली नाही. साधेपणाचं कौतुक खोटं नव्हतं. पण ते फार सोयीचं होतं. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणालाही दुसऱ्या दिवशी एसटीत बसायचं नव्हतं, आणि सांगोला तालुक्याच्या शिवेबाहेर आबासाहेबांच्या पक्षाचा कुणालाही धोका उरला नव्हता. ज्याच्यापासून धोका नाही त्याला थोर म्हणायला पदरचं काही मोडावं लागत नाही.

म्हणून ही कारकीर्द एसटीतून उतरवून थोडी बाजूला घेऊन पाहायला हवी.

आधी विक्रमाचं बघू. एका मतदारसंघातून इतक्या वेळा निवडून येणं हा देशातला विक्रम असल्याचं महाराष्ट्रात अनेकदा लिहिलं गेलं. तो नव्हे. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले, पुथुपल्लीतून ओमन चंडी १२ वेळा. मणींचं उदाहरण इथं मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांचाही पक्ष शेतकऱ्यांचाच, रबराच्या मळेवाल्यांचा, दोन-तीन जिल्ह्यांपुरता. पण केरळच्या आघाड्यांच्या राजकारणात त्या छोट्या पक्षाला इतकं वजन होतं की मणींनी राज्याचे १३ अर्थसंकल्प मांडले. सांगोल्याचा आमदार मंत्री झाला तो दोनदाच, १९७८ मध्ये आणि १९९९ मध्ये, आणि दोन्ही कारकिर्दी मिळून साडेचार वर्षंही भरत नाहीत. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, जन्म १९२६ चा. कायद्याचं शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि १९६२ साली, राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, शेतकरी कामगार पक्षाकडून ते विधानसभेत गेले. त्या काळातला शेकाप आजच्या वाचकाला ओळखू येणार नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या बहुजन समाजातल्या काँग्रेसजनांनी १९४७-४८ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेला हा पक्ष. शेटजी-भटजींच्या काँग्रेसमध्ये कुळाला आणि कामगाराला जागा नाही, ही त्यांची तक्रार. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी गावी झालेल्या अधिवेशनात पक्षानं मार्क्सवादाची कास धरली आणि जो प्रबंध मंजूर केला तो पुढं ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून ओळखला गेला. कार्यकर्ते एकमेकांना ‘भाई’ म्हणत, सभेत लाल बावटा असे, आणि समोर बसलेला माणूस मात्र पटकेवाला शेतकरी असे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावागावांत माणूस उभा करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर याच पक्षानं केलं.

त्याचं फळ त्याला मिळालं नाही. लढा जिंकला आणि ‘मंगलकलश’ काँग्रेसच्या हाती गेला. पक्ष काढणारे जेधे-मोरे तर त्याआधीच स्वगृही परतले होते. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे एकेक मोहरे काँग्रेसमध्ये जमा होत गेले. गणपतराव १९६२ ला विधानसभेत पोचले तेव्हा काँग्रेसकडे २६४ पैकी २१५ जागा होत्या आणि शेकापकडे १५. तरी तोच सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते.

१५ हा आकडा ध्यानात ठेवून पुढची मोजणी पाहावी. १९६७ मध्ये १९. १९७२ च्या इंदिरा लाटेत ७. आणीबाणीनंतर १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला पुन्हा १३, मग ८, ६, ५, आणि २००४ मध्ये २. त्यानंतर २००९ ला ४, २०१४ ला ३, २०१९ ला १. या सबंध काळात सांगोल्यातली जागा फक्त तीन सार्वत्रिक निवडणुकांत गेली, आणि तिसऱ्या वेळी गणपतराव स्वतः उभे नव्हते. आकड्यांच्या या दोन ओळी शेजारी मांडल्या की प्रश्न आपोआप उभा राहतो. जो माणूस एक तालुका अर्धं शतक राखू शकतो, त्याचा पक्ष राज्यात विहिरीसारखा का आटत जातो?

साधेपणा हे उत्तर असतं तर पक्ष आटलाच नसता. शेकापमध्ये साध्या माणसांची वानवा कधीच नव्हती. एन. डी. पाटील, उद्धवराव पाटील, दि. बा. पाटील, दत्ता पाटील, कंधारचे केशवराव धोंडगे, यातला एकही माणूस थाटामाटासाठी ओळखला गेला नाही, आणि सगळेच सभागृहात बोलायला उभे राहिले की सरकारला घाम फोडणारे होते. १९७७ मध्ये या पक्षाचे ५ खासदार निवडून आले. दि. बा. पाटील लोकसभेवर गेल्यानं रिकामं झालेलं विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद गणपतरावांकडे आलं. पक्षाचा हा माथ्यावरचा काळ. तिथून उतार लागला.

उताराची कारणं पक्षाबाहेरही होती. साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ यांच्या जाळ्यानं पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी काँग्रेसच्या दावणीला बांधला गेला होता. ज्याचा ऊस कारखान्याला जायचा असतो तो कारखान्याच्या अध्यक्षाविरुद्ध लाल बावटा हाती घेताना दोनदा विचार करतो. १९८० मध्ये शरद जोशींनी कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवले आणि ‘शेतकऱ्यांचा पक्ष’ ही शेकापची ओळखच त्यांच्या बिल्ल्यानं हिरावून घेतली. जोशींचं म्हणणं शेकापच्या बरोबर उलटं होतं. त्यांना जमिनीच्या वाटपापेक्षा बाजारभाव महत्त्वाचा वाटत होता, पण तरुण शेतकऱ्याला ते अधिक जवळचं वाटलं. त्या दशकाच्या अखेरीस शिवसेना मराठवाड्यात शिरली. भाजपनं माळी, धनगर, वंजारी अशी ‘माधव’ जुळणी केली. बहुजन समाज ही शेकापची जुनी भाषा. ती इतरांनी जातीजातींत फोडून वापरली आणि शेकाप मूळ शब्दच धरून बसला.

गणपतराव स्वतः धनगर समाजाचे, आणि सांगोल्यात हा समाज मोठा आहे. त्यांच्या विजयांचं गणित सांगताना ही गोष्ट कुणी दबक्या आवाजात सांगतं, कुणी सांगतच नाही. सांगायला हरकत काय? समाजाचा पाठिंबा त्यांना होता, हे उघड आहे. पण केवळ तेवढ्यावर भागलं असतं तर राज्यात धनगर समाजाच्या इतर नेत्यांनाही अकरा-अकरा विजय मिळाले असते. शिवाय धनगर नेता ही ओळख राज्यभर वापरून मोठं होण्याची संधी त्यांच्यासमोर अनेकदा आली असणार. ती त्यांनी घेतली नाही. हे तत्त्वनिष्ठेचं लक्षण म्हणायचं की पक्ष वाढवण्याची एक वाट बंद केली म्हणायचं, यावर दोन मतं होऊ शकतात. प्रस्तुत लेखाचं मत दुसऱ्या बाजूकडे झुकणारं आहे, पण पूर्ण झुकत नाही.

आता सांगोला. सांगोल्याला आमदार म्हणून काय करायचं असतं हे कळायला आधी तिथला उन्हाळा कळायला हवा. हा माणदेश. माण नदी साताऱ्यातल्या माण तालुक्यात उगवते आणि आटपाडी, सांगोला करत पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते, असं नकाशात असतं. प्रत्यक्षात वर्षातला बराच काळ नदीत वाळू असते. पश्चिम घाटावर कोसळणारा पाऊस इथं पोचेपर्यंत त्याच्यातला जीव जातो. म्हणून इथल्या माणसांनी पूर्वापार गाव सोडून पोट भरलं. कुणी मेंढरं घेऊन बाहेर पडलं, कुणी कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलं, आणि या पट्ट्यातले गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याची भट्टी घेऊन पार कोलकाता-चेन्नईपर्यंत पोचले. कमळापूर, घेरडी, जवळा, महूद, नाझरे या गावांत आमदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो पाण्याचा, दुसरा चाऱ्याचा.

गणपतरावांचा पहिला पराभव झाला तो १९७२ ला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं विसाव्या शतकातला सर्वांत भीषण दुष्काळ पाहिला. लाखो माणसं खडी फोडायला गेली, पोरं सुकडीवर जगली. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, ती आधी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आजमावून झाली होती. या दुष्काळानं तिला राज्यभर नेलं आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. विरोधकांनी, विशेषतः डाव्यांनी, रस्त्यावर दबाव ठेवला नसता तर ‘मागेल त्याला काम’ हा हक्क कायद्यात उतरला असता का, याची शंकाच आहे. गणपतराव १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत विधानसभेत आले. पुढं पंचवीस वर्षांनी, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. रोजगार हमीतून फळबाग लावण्याची योजना तोवर रुजली होती. कोरडवाहू रानात खड्डे घेणाऱ्या शेतकऱ्याला मजुरीही मिळायची आणि झाडही. सांगोल्यात ते झाड बहुतेक ठिकाणी डाळिंबाचं होतं.

डाळिंबानं या तालुक्याची रया बदलली. कमी पाण्यावर, ठिबकवर, मुरमाड रानात येणारं हे फळ दिल्ली-कोलकात्याला जाऊ लागलं आणि परदेशीही. २८ डिसेंबर २०२० ला देशातल्या शंभराव्या किसान रेल्वेला पंतप्रधानांनी दूरस्थ झेंडा दाखवला, ती गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालच्या शालिमारला निघाली होती. चारा छावण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यातून फळांनी भरलेली आगगाडी जाते, हे पाहायला गणपतराव तेव्हा हयात होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यानं आणि मर रोगानं सांगोल्यातल्या बागाच्या बागा गेल्या, शेतकऱ्यांनी त्या जेसीबी लावून उपटून टाकल्या. तो दिवस त्यांनी पाहिला नाही.

पण डाळिंबाला लागतं तेवढं पाणी तरी कुठून आलं? इथं कारकिर्दीतला सर्वांत घट्ट धागा आहे, आणि श्रद्धांजल्यांत तोच सगळ्यात बारीक झालेला दिसला. कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा बच्छावत लवादानं ५६० टीएमसी ठरवला होता आणि सन २००० नंतर त्याचा फेरविचार होऊ शकत होता. म्हणजे तोवर पाणी अडवून वापरात आणलं नाही, तर हक्क सांगणं जड जाणार होतं. कृष्णाकाठच्या उसाच्या तालुक्यांना याची घाई नव्हती, त्यांच्या मोटारी नदीत होत्याच. घाई होती ती वरच्या अंगाच्या कोरड्या तालुक्यांना. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्यांचे म्होरके, प्रतिसरकारच्या लढ्यातला हा माणूस सत्तरी ओलांडून पुन्हा आघाडीवर उभा राहिला होता. डॉ. भारत पाटणकर होते, गणपतराव होते. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं मोर्चाला येऊ लागली. मागणी केवळ ‘पाणी द्या’ अशी नव्हती. समन्यायी वाटप हवं, जमिनीच्या आकारावर नव्हे तर कुटुंबामागं, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा, असं ते म्हणत होते. दाभाडीत जे जमिनीबद्दल बोललं गेलं होतं, ते चाळीस वर्षांनी पाण्याबद्दल बोललं जात होतं.

टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आज आटपाडी-सांगोल्याच्या रानात दिसतं. ते कुणामुळं आलं याची पाटी लावायला सध्या बरेच हात पुढं असतात. योजनेला मंजुरी दिली ते म्हणतात आम्ही, पैसे दिले ते म्हणतात आम्ही, शेवटचा पंप बसवला ते तर फलकच लावतात. वर्षानुवर्षं परिषद भरवून, मोर्चे काढून, विधानसभेत तेच तेच प्रश्न विचारून ज्यांनी विषय मरू दिला नाही, त्यांचा फलक कुठं लागत नाही. विरोधी पक्षाच्या आमदाराचं काम असंच असतं. तो धरण बांधत नाही, न बांधणाऱ्याला झोपू देत नाही.

तालुका राखण्याचं दुसरं साधन होतं संस्था. शेतकरी सहकारी सूतगिरणी ही त्यातली मोठी, आणि पुढं महिलांची वेगळी सूतगिरणी. सहकारी सूतगिरण्यांचा महाराष्ट्रातला इतिहास वाचण्यासारखा आहे, पण वाचून झाल्यावर चहा गोड लागत नाही. सभासदांचं भांडवल ५ टक्के, सरकारचं ४५, उरलेले ५० टक्के कर्ज, या सूत्रानं गिरणी काढायची, सभासदांच्या ५ टक्क्यांवर अध्यक्षपद मिळवायचं आणि बाकीच्या ९५ ची काळजी सरकार व बँकेनं करायची. अशा किती गिरण्यांच्या जागेवर आज बाभळी आहेत! सांगोल्याची गिरणी चालली. कापसाचा पट्टा दूर, पण सूत घेणारे सोलापूर-इचलकरंजी जवळ. कारभार चोख ठेवला की गिरणी चालते, याचा दाखला म्हणून तिचं नाव सहकाराच्या वर्तुळात घेतलं जाऊ लागलं.

इथं एक विसंगती आहे, आणि ती लपवण्याचं कारण नाही. शेकापचा काँग्रेसवरचा मुख्य आक्षेप असा की सहकारी संस्था हाताशी धरून ती शेतकऱ्याला मिंधा करते. सांगोल्यात सहकारी संस्था शेकापच्या हाताशी होत्या. फरक कारभाराच्या सचोटीचा होता, आणि तो लहान फरक नव्हे. पण रचना तीच होती. विचारानं बांधलेला कार्यकर्ता आणि संस्थेनं बांधलेला सभासद, दोघं मिळून आबासाहेबांना निवडून देत होते. त्यांच्या पक्षाकडे इतर तालुक्यांत पहिला होता, दुसरा नव्हता. आणि पहिला म्हातारा होत गेला.

रायगडात हेच वेगळ्या वाटेनं घडलं. तिथं शेकापची सत्ता सांगोल्याहून कितीतरी मोठी होती. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोविरुद्ध लढताना जासईला शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या आणि त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. २००८ मध्ये पेणच्या शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध सार्वमत घेतलं, त्या लढ्यात एन. डी. पाटील होते. लढे जिंकले. मग जमिनी विकल्या गेल्या, शेतकऱ्याचा मुलगा ठेकेदार झाला, आणि ठेकेदाराला सत्तेतला पक्ष लागतो. शेकापचे पेणचे माजी आमदार २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोचले. २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून जो विराट मोर्चा निघाला त्यात वेगवेगळ्या पक्षांचे झेंडे होते. दिबांचं नाव या सगळ्यांना हवं होतं. दिबांनी ज्या पक्षात बहुतेक हयात घालवली त्याची मागणी कुणी केली नाही. महिन्याभरानं गणपतराव गेले आणि तोच प्रयोग सांगोल्यात झाला.

पराभवाकडे पुन्हा यायला हवं, कारण विजयांपेक्षा ते जास्त बोलतात. १९९५ ला गणपतराव पडले ते अवघ्या १९२ मतांनी. पाडणारे शहाजीबापू पाटील, तेव्हा काँग्रेसचे तरुण उमेदवार. सांगोल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. पुढची वीस वर्षं ही जोडी समोरासमोर येत राहिली आणि १९९९ पासून चारही वेळा आबासाहेब जिंकले. २०१४ ला, मोदींच्या लाटेत, ऐंशी पार केलेल्या या उमेदवारानं शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवलं. राज्यात चौरंगी लढतींचा धुरळा उडालेला असताना सांगोल्याची लढत जुन्याच दोन घरांत झाली होती.

सत्तेतला अनुभव मात्र कडूच राहिला. १९९९ मध्ये शेकाप काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात सामील झाला. जन्मभर ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्यासोबत बसणं पक्षातल्या अनेकांना रुचलं नव्हतं; पण युती नको असेल तर दुसरा पर्याय काय, हाही प्रश्न होता. जून २००२ मध्ये रायगडच्या स्थानिक राजकारणावरून राष्ट्रवादीशी बिनसलं, पक्षानं पाठिंबा काढला आणि गणपतरावांचं मंत्रिपद तिथंच संपलं. सरकार वाचवण्यासाठी काँग्रेसनं आपले आमदार बेंगळुरूला नेऊन ठेवले. त्यांची बडदास्त ठेवायला डी. के. शिवकुमार होते. विलासराव तरले. राज्याच्या एका टोकाच्या भांडणासाठी दुसऱ्या टोकाच्या दुष्काळी तालुक्यानं मंत्री गमावला. छोट्या पक्षाची वजनदार भूमिका आणि छोट्या पक्षाची वेठ, यातलं अंतर किती कमी असतं ते या एका महिन्यात दिसलं. केरळातल्या मणींनी हे अंतर आयुष्यभर सांभाळलं, कारण तिथं दोन आघाड्या काट्यावर असतात आणि पाच-सात आमदारही तराजू झुकवतात. महाराष्ट्रात तराजूच मोठ्यांच्या हातात राहिला.

२०१९ ला गणपतरावांनी उभं न राहण्याचं ठरवलं. नव्वदी उलटली होती. आणि इथं पन्नास वर्षांच्या या संघटनेची खरी परीक्षा झाली. पक्षानं आधी घराबाहेरचा उमेदवार पुढं केला. कार्यकर्ते बिथरले. मग उमेदवारी बदलून आबासाहेबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना दिली गेली. घराणेशाहीवर टीका करत वाढलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनीच घराण्याचा आग्रह धरला, यात आबासाहेबांचा दोष किती? त्यांनी मुलाला पुढं रेटलं नव्हतं, इस्टेट जमवली नव्हती. तरीही पन्नास वर्षं प्रत्येक प्रश्न आबांकडे, प्रत्येक भांडण आबांकडे, प्रत्येक तिकीट आबांकडे अशी सवय लागलेल्या संघटनेला आबांच्या नंतर आबांच्या रक्ताशिवाय दुसरं काही सुचेना. दुसरी फळी उभी राहिली नाही हा ठपका राजकारणात सर्रास ठेवला जातो, पण इथं तो लागू पडतो. अनिकेत ७६८ मतांनी पडले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच, आता शिवसेनेकडून. योगायोग असा की त्याच वर्षी एप्रिलमध्ये मणी वारले आणि सप्टेंबरातल्या पोटनिवडणुकीत पाला मतदारसंघही त्यांच्या पक्षाच्या हातून गेला.

तीन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, सांगोला हे नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. शिवसेनेच्या बंडखोर आमदारांबरोबर गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापूंनी फोनवर एका कार्यकर्त्याला तिथल्या झाडीचं, डोंगराचं आणि ‘हाटेला’चं वर्णन ऐकवलं आणि ते घरोघरी पोचलं. लोक हसले, गाणी निघाली, टी-शर्ट निघाले. माणदेशातल्या माणसाला हिरव्या झाडीचं अप्रूप वाटणं यात हसण्यासारखं काही नाही. ते अगदी खरं आहे. हसू येतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गणपतरावांनी विधानसभेत सांगोल्याच्या पाण्यावर जी भाषणं केली ती विधिमंडळाच्या कार्यवाहीच्या खंडांत बांधून ठेवलेली आहेत, आणि सांगोल्याबाहेरच्या महाराष्ट्राला या तालुक्याचं एकच वाक्य पाठ आहे, तेही आसामबद्दलचं.

२०२४ ची निवडणूक तिरंगी झाली. शेकाप महाविकास आघाडीत होता, तरी आघाडीतल्या ठाकरे गटानं सांगोल्यात आपला वेगळा उमेदवार दिला. आघाडीतल्या छोट्या भावाला मोठे भाऊ कसं वागवतात याचं हे आणखी एक उदाहरण. शेकापचे उमेदवार होते आबासाहेबांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. ते सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले, आजोबांनी २०१४ ला घेतली होती जवळपास तेवढीच आघाडी. शहाजीबापू दुसऱ्या क्रमांकावर राहिले.

रायगडात शेकापची मात्र एकही जागा आली नाही. १९६२ ला पक्षाच्या १५ जागांमध्ये सांगोला एक होतं. आता २८८ जणांच्या सभागृहात शेकापचा एक आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा आहे.